उभी बाटली, आडवी बाटली

साखरखेर्ड्याहून पुण्यास गेलो असता भाच्याने आग्रहाने एका उपाहारगृहात नेले. तेथे पिंपांतून थेट नळाने पेल्यात येणाऱ्या बिअरचे दहा-बारा प्रकार! २००९ मध्ये पुण्यात ‘डुलाली’ने अशी ताजी बिअर प्रथम आणली, तेव्हापासून ही अभिरुची रुजली. भाचा सातू, सुगंध, कडवटपणा यांवर विद्वत्तेने बोलत होता. मी लिंबूसरबत घेत होतो. गावी प्यायला तर बेवडा, येथे मात्र रसिक! हा भेद आपल्या सुसंस्कृत घरांनी किती सहज स्वीकारला! तिकडे खेड्यापाड्यांतील माता-भगिनी दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून मतपत्रिकेवरील आडव्या बाटलीवर शिक्का मारण्यासाठी रांगा लावतात. त्यांची बाजू आपण कोणत्या तोंडाने मांडणार?

घरी परतताच ताईने विचारले, “काय खाल्लेत रे?”

मी भाच्याकडे पाहिले.