मगर, मकर आणि वास्तवाचा मोह

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर तालुक्यातील कापडे परिसराचे पाणी पोटात घेत महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्रास मिळते. महाडनजीक तिच्या पात्रात मगरी आहेत. त्यांना सोंड नाही. एवढी साधी वस्तुस्थिती मराठी समीक्षेतील एक रूढ समजूत अडचणीत आणण्यास पुरेशी आहे. कल्पित प्राणी म्हणजे खऱ्या प्राण्याची विकृत स्मृती, आणि मूळ प्राणी सापडला की समीक्षेचे कार्य संपले, अशी ही समजूत होय.

‘मगर’ हा शब्द ‘मकर’ या संस्कृत शब्दापासून आला, हे मान्यच आहे. परंतु शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे प्रतिमेची उपपत्ती नव्हे. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात गंगा मकरावर उभी आहे. मगरीचा जबडा, हत्तीची सोंड, माशाचे वा पर्णाकृती शेपूट यांची जुळणी काळानुसार बदलते. स्थलचर व जलचर यांचा संयोग मात्र टिकून राहतो. तोरणावर, द्वारशाखेशी, जलप्रणालाच्या मुखाशी म्हणजे जिथे एक क्षेत्र संपून दुसरे सुरू होते तिथे मकर येतो. ज्याने सोंड जोडली त्या शिल्पकाराला मगर कोरता येत नव्हती, असे मानायचे काय?

हा निव्वळ संकेत आहे, कल्पनाशक्ती नव्हे, असा आक्षेप येईल. पण संकेत म्हणजे कल्पनेचे व्याकरणच. ज्या राशीला येथे मकर म्हणतात, तिच्यासाठी बाबिलोनी परंपरेने शेळीचे शीर व माशाचे शेपूट योजले. घटक बदलले, जमीन-पाण्याचे नाते उरले. वास्तवाची नक्कल हाच हेतू असता, तर हे साम्य अनाकलनीय ठरले असते.

साहित्यविचारात हाच दोष अधिक महाग पडला आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांवर ‘अद्भुतरम्य’ हा शिक्का मारून त्यांना संभाव्यतेच्या एकाच तराजूत तोलले गेले. भरताने अद्भुताला स्वतंत्र रस मानून विस्मय हा त्याचा स्थायिभाव सांगितला. त्याला रम्यतेची कुबडी दिली नाही. तोदोरोव्हनेही १९७० मध्ये अद्भुताचा विचार साहित्यप्रकाराच्या अंतर्गत नियमांवरून केला. मराठी समीक्षा मात्र ‘असे घडेल काय?’ या प्रश्नापाशीच घुटमळते. सावित्रीकाठच्या विद्यार्थ्याला मगर कशी असते हे शिकवावे लागत नाही; मकर असा का घडवला गेला, हे विचारण्याची सवय मात्र वर्गातच लागायला हवी. ती लागत नसेल, तर उणीव अद्भुताची नव्हे, अध्यापनाची आहे.