‘पयलीच बेस होती’

‘ठरलं तर मग’ मालिकेत नवी पूर्णा आजी आली, त्या रात्री मी गडचिरोलीतल्या आलापल्लीत शेजारच्या काकूंकडे बसलो होतो. घरात बोलणं तेलुगू, बाजारात मराठी, आणि टीव्हीवर जे लागेल ते, असं हे घर. जेवणं आटोपली होती, ताटं अजून उचलली नव्हती. पडद्यावर नवी आजी दिसली. तिनं एक वाक्यही नीट बोलून संपवलं नव्हतं, तोवर काकू म्हणाल्या, “हे नाई जमत जी. पयलीच बेस होती.” सुनेनं मान डोलावली. पलंगावरच्या नातवानं मोबाइलमधून डोकं न काढताच ‘हो’ म्हटलं. झाला निकाल.

मला राग आला आणि तो मी लपवला नाही. तिथं बोललो ते इथंही लिहितो.

पहिली पूर्णा आजी म्हणजे ज्योती चांदेकर. 16 ऑगस्ट 2025 रोजी त्या गेल्या. त्यांनी काम सोडलं नव्हतं, पैशांवरून भांडण केलं नव्हतं, दुसरी मालिका धरली नव्हती. बाई वारली. त्यांच्या जागी उभ्या राहिल्या रोहिणी हट्टंगडी. 1982 च्या ‘गांधी’मध्ये कस्तुरबा उभी करणारी, ‘चार दिवस सासूचे’च्या काळात महाराष्ट्राच्या घराघरांत रोज संध्याकाळी येऊन बसलेली ही नटी. तिला ‘जमत नाही’ हे आपण एका वाक्यात ठरवतो? आणि कुणाशी ताडून? जी आता उत्तरादाखल आणखी एक प्रवेश करून दाखवू शकत नाही, तिच्याशी?

काकू वाईट नाहीत. ज्योतीताई गेल्या त्या दिवशी याच काकूंनी टीव्ही बंद ठेवला होता. रोज घरात येणारी म्हातारी गेली आणि तिच्या खुर्चीवर कुणीतरी बसलं, ते सोसवत नाही, हे मला कळतं. पण दुःख माणसाचं असतं, त्याचा दंड दुसऱ्या माणसाला करायचा नसतो. ज्योतीताईंबद्दल प्रेम असेल तर त्यांचंच एक काम आठवा. 2010 च्या ‘मी सिंधुताई सपकाळ’ या चित्रपटात आपल्या वर्ध्याकडची सिंधुताई दोन नट्यांनी मिळून केली. तरुणपणीची तेजस्विनी पंडितनं आणि उतारवयातली तिच्या आईनं, म्हणजे ज्योतीताईंनी. भूमिका एक, बाया दोन. थिएटरात कुणी उठून ‘पहिली कुठं गेली’ असं विचारलं नाही. म्हणजे एकाच माणसाचे दोन चेहरे आपल्याला पचतात. फक्त ते आपल्यापुढे मानानं आणायला हवेत.

आता शनायाकडे येतो, कारण या रोगाचं सगळ्यात उघडं लक्षण तिथं दिसलं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ 2016 साली सुरू झाली, 2021 पर्यंत चालली. शनाया होती रसिका सुनील. 2018 मध्ये ती शिकायला अमेरिकेला गेली. एका मुलीनं चालती मालिका सोडून शिकायला जावं, याचं कौतुक करण्याएवढंही मन आपण मोठं केलं नाही. तिच्या जागी ईशा केसकर आली आणि आपण ईशावर तुटून पडलो. ही ईशा कोण? ‘जय मल्हार’मधली बानू. जिच्यासाठी याच घरांतल्या बायांनी पडद्यापुढे हात जोडले होते, तीच मुलगी, दुसऱ्या नावानं. मधल्या काळात तिचा अभिनय आटला होता का? मुळीच नाही. तिला सांगितलेलं काम वेगळं होतं. बानू तिनं स्वतः घडवली होती. शनाया मात्र घडवायला दिलीच नव्हती, नक्कल करायला दिली होती. तेच कपडे, तोच लाडिक हेल, तेच नखरे, तेच मुरकणं. पुढे 2020 मध्ये रसिका परत आली आणि लोक म्हणाले, बघा, अस्सल ते अस्सल. अहो, ज्या अंगावर बेतून सदरा शिवला, त्याच अंगाला तो बसणार. दुसऱ्याच्या खांद्यावरून ओघळला, तर दोष खांद्याचा?

हीच गत शेवंताची. ‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या भागात 2019 साली अपूर्वा नेमळेकरनं शेवंता उभी केली आणि महाराष्ट्र वेडा झाला. तिसऱ्या भागात 2021 मध्ये तिनं मालिका सोडली. का सोडली, ते तिनं स्वतः उघडपणे मांडलं. त्यानंतर तिथं कृतिका तुळसकर आली. लोकांनी काय तपासलं? मालवणी बोलीत ती किती मुरलीय ते नाही. मालिकेतल्या अण्णा नाईकांसमोर उभी राहताना तिची नजर कुठं जाते तेही नाही. तपासलं ते अंग, चेहरा, साडीचा पदर. दोन बायांचे फोटो शेजारी-शेजारी लावायचे आणि खाली कौल मागायचा, ही काय अभिनयाची पारख झाली? शंकरपटात बैलाची जोडी पारखतानासुद्धा आमच्याकडचा शेतकरी आधी ती पळताना बघतो.

मी हे फुकटच्या अधिकारानं बोलत नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत मी आठ हंगाम प्रॉम्प्टर होतो. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. दिवाळी झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात नाटकांचा हंगाम लागतो, तो होळीपर्यंत. वडसा हे त्याचं ठाणं. कंपन्यांची कार्यालयं तिथं, तारखा तिथून सुटतात. मंडईची जत्रा किंवा शंकरपट असला की गावात नाटक हवंच. रात्री दहाला पडदा वर जातो, तो पहाटे खाली येतो. आज हे गाव, उद्या ते. नटाला पैसे नाइटवर. याच मातीतल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबईतल्या काही वाहिन्यांना कळलं की इथं रंगभूमी आहे.

इथं नट बदलणं रोजचंच. नटी आजारी पडते, कुणाच्या घरी मयत होते, कुणाची गाडी घाटात बंद पडते. अशी एक रात्र सांगतो.

जानेवारी होता. चामोर्शीकडचं गाव. आमच्या मुख्य नटीला सकाळपासून ताप, दुपारी ती उठूनही बसेना. वडशाला फोन गेले. सव्वादहाला बोलेरोतून दुसऱ्या कंपनीची एक बाई उतरली. आमच्या नाटकाची वही तिनं जन्मात पाहिली नव्हती. शाळेच्या खोलीत, एका बल्बखाली, ती केस बांधत होती आणि मी पहिला अंक भराभर वाचून दाखवत होतो. तिनं एकच विचारलं, “रडाचं कुठं हाय तेवढं सांगा भाऊ. बाकी मी पाहून घेते.” मी पान दाखवलं. दुसऱ्या अंकात नवरा पोराला घेऊन निघून जातो, तिथं.

आमची नेहमीची नटी या जागी पदर तोंडात कोंबून हंबरडा फोडायची. रोज शिट्ट्या, रोज टाळ्या. मी चाळीसेक रात्री ते पाहिलं होतं. त्या रात्री तो प्रवेश आला. माझं बोट वहीतल्या ओळीवर. मी ओळ टाकली. तिनं घेतली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही, पुन्हा टाकली. ती शांतपणे खाली बसली, पोराचं शर्ट पडलं होतं ते उचललं, मांडीवर ठेवून त्याच्या बाह्या आत दुमडल्या, घडी केली. मग वहीत नसलेलं एकच वाक्य आपल्या बोलीत म्हणाली, “थंडीचं नेलं नाई त्यानं.” शिट्टी नाही, टाळी नाही. पोत्यांवर शाली गुंडाळून बसलेल्या बायांमधून एक आवाज आला नाही. ऑर्गनवाल्याला सूर धरायचा होता, तो हात वर तसाच धरून बसला.

माझा एक मित्र हे ऐकून म्हणतो की त्या गावानं पहिली पाहिलीच नव्हती, तुलना करणार कशी? बरोबर आहे. गावानं पाहिली नव्हती. मी पाहिली होती. चाळीस रात्री. त्या मांडवात तुलना करणारा माणूस एकटा मीच होतो, आणि सुरुवातीला मीही तोंड वाकडं करूनच बसलो होतो. पहिली ठसठशीत, ही किरकोळ. पहिलीचा आवाज खणखणीत, हिचा बसका. दुसऱ्या अंकात त्या शर्टाच्या घडीपाशी मी पुसला गेलो. तुलना तेव्हा झाली. त्याआधी माझ्याकडे होती ती नुसती सवय.

म्हणून तुलना करायला माझी ना नाही. जरूर करा. मराठी प्रेक्षक ती पिढ्यान्‌पिढ्या करत आलाय आणि चांगली करत आलाय. ‘नटसम्राट’ 23 डिसेंबर 1970 ला आलं. डॉक्टर लागूंचा गणपतराव बेलवलकर पाहिलेल्या लोकांनी पुढे दत्ता भट पाहिले, सतीश दुभाषी पाहिले, यशवंत दत्त पाहिले. कोण कुठं उजवा यावर रात्री जागवल्या. पण तिकीट काढून, तीन तास बसून, मग. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ लक्ष्मणराव देशपांड्यांचंच, त्यात वाद नाही. बावन्न माणसं एका अंगात. 2009 साली ते गेले. पुढे संदीप पाठकनं ते उचललं आणि लोक हसले, रडले, कारण त्यानं लक्ष्मणरावांचा मुखवटा घातला नाही, वऱ्हाड पुन्हा आपल्या गावावरून नेलं. नाटकात दुसऱ्या नटाला तालीम मिळते. दिग्दर्शक त्याच्याशी भांडतो, भूमिका उसवून पुन्हा शिवतो. मालिकेत काय मिळतं? बाराबारा तासांची पाळी, हातात गरम गरम कागद, आणि पहिलीचे जुने भाग पाहून घे म्हणून सूचना.

इथं माझा खरा राग वाहिन्यांवर आहे. पाहणाऱ्यांवर नंतर. नटी सोडून जाते तेव्हा लेखकापुढे दोन वाटा असतात. नव्या बाईकडे बघून भूमिका थोडी वळवायची, तिचं हसणं, तिची बोली, तिचा स्वभाव आत येऊ द्यायचा. किंवा जुनाच साचा पुढे ढकलायचा आणि तिला त्यात कोंबायचं. दुसरी वाट स्वस्त आहे, म्हणून रोज तीच. दर आठवड्याचे आकडे घसरले की मुलीचा चेहरा चालला नाही म्हणायचं. साचा चालला नाही असं कुणी म्हणत नाही, कारण साचा बनवणारे खोलीत बसलेले असतात आणि मुलगी सेटवर असते.

आणि आम्ही झाडीतली माणसं अशा तुलनेत सामील होतो, याची मला जास्त लाज वाटते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये शनाया कोणती चांगली यावर आमच्याकडे कडाक्याची भांडणं झाली. नायिकेबद्दल, राधिकेबद्दल, कुणी बोललं नाही. राधिका नागपूरची दाखवली होती. ती करणारी अनिता दाते नाशिकची. तिनं मेहनत घेतली, भूमिका पाच वर्षं एकटीनं ओढली, तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण नागपूरची बाई शोधताना विदर्भातल्या किती मुलींना बोलावलं होतं, हा प्रश्न आम्ही विचारायला हवा होता. बदली तिथं झाली होती, पहिल्याच दिवशी, मालिका सुरू होण्याआधी. आमची बोली आमच्या तोंडून काढून दुसऱ्याला शिकवली गेली आणि आम्ही दोन शनायांच्या लिपस्टिकचे रंग ताडत बसलो. झाडीबोली तर एखाद्या मोठ्या मालिकेच्या नायिकेच्या तोंडी मी आजवर ऐकलेली नाही. तुलनाच करायची तर पडद्यावरच्या वैदर्भी बाईची वडशाच्या स्टँडवर उभ्या असलेल्या बाईशी करा.

आलापल्लीच्या माणसाला हे समजायला कठीण जाऊ नये. आमच्या वनवैभवात सागाची जुनी झाडं उभी आहेत, मान मागे टाकून पाहावी लागतात. 2014 साली त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच रस्त्यावर रोपवनातला सागही आहे. कुठला वनमजूर रोपवनातल्या झाडाला शिवी देतो? त्याला पाणी, माती, वर्षं किती मिळाली, ते तो आधी बघतो.

काकूंना मी त्या रात्री म्हटलं, एक महिना पाहा आणि मग सांगा. त्या म्हणाल्या, “पाहीन ना, कायले नाई पाहाचं.” पाहतायत. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा आजीचा एक प्रवेश मला सांगत होत्या, हातवारे करून, आणि सांगताना ‘नवी’ हा शब्द मध्ये आला नाही.

वाहिन्यांकडे माझी मागणी साधी आहे. नट बदलला की सांगा. सरळ सांगा, भाग सुरू होण्याआधी. गेलेल्याचं नाव घ्या, आलेल्याचं घ्या. चामोर्शीकडच्या त्या गावात पहिल्या अंकाआधी मंडळाचा सचिव माइकवर आला होता, डोक्याला मफलर बांधलेला, हातात चिठ्ठी. आमची बाई तापानं पडली आहे म्हणाला, तिचं नाव घेतलं. मग आलेल्या बाईचं नाव घेतलं, तिचं गाव सांगितलं, तीन तास गाडीत बसून ती आपल्यासाठी आली आहे म्हणाला. मांडवानं टाळ्या दिल्या आणि पडदा वर गेला. या सगळ्याला त्याचं अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.