दोन भाषांच्या घरातला कवी

चित्रकार मकबूल फिदा हुसेन अनवाणी फिरत, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. पायात जोडे नाहीत म्हणून १९८८ साली मुंबईतल्या एका बड्या क्लबने त्यांना आत प्रवेशही नाकारला होता. पण त्यांनी जोडे सोडले कशामुळे? सप्टेंबर १९६४ मध्ये दिल्लीत एका कवीची अंत्ययात्रा निघाली, तिच्यात हुसेन होते. त्या दिवसापासून आपण अनवाणी झालो, असे ते पुढे सांगत. तो कवी हिंदीतला होता आणि त्याचे नाव अस्सल मराठी होते : गजानन माधव मुक्तिबोध.

मुक्तिबोधांचे पणजोबा जळगाव सोडून ग्वाल्हेरला गेले. वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानात पोलीस अधिकारी. गजाननरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे झाला. वडिलांच्या बदल्यांमुळे बालपण गावोगावी गेले, पुढे उज्जैन आणि इंदूर येथे शिक्षण झाले. घरात मराठी, अंगणाबाहेर हिंदी. आईला प्रेमचंदांच्या कथा-कादंबऱ्यांची फार आवड. तिनेच आपल्याला प्रेमचंदांचा भक्त केले, असे मुक्तिबोधांनी लिहून ठेवले आहे. मोठा मुलगा हिंदीत लिहू लागला. धाकटा शरच्चंद्र मात्र मराठीत लिहू लागला आणि नवकवितेतले एक महत्त्वाचे नाव ठरला. एकाच घरातले दोन सख्खे भाऊ, दोन भाषांचे कवी!

असे इतरत्रही घडते. इंग्रजीतील विख्यात कवी डिलन टॉमस वेल्समधला. त्याच्या आईवडिलांना वेल्श भाषा उत्तम येत होती, पण मुलाने आयुष्यभर इंग्रजीतच लिहिले. आईवडिलांची भाषा त्याला बोलताही येत नसे. मुक्तिबोधांच्या घरातली मराठी मात्र कधी सुटली नाही.

१९४३ साली कवी अज्ञेय यांनी ‘तारसप्तक’ हा सात हिंदी कवींचा संग्रह काढला. हिंदीतील नव्या कवितेची पहाट म्हणून आजही त्याचे नाव घेतात. त्या सातांपैकी दोघे मराठी मातृभाषेचे होते. एक मुक्तिबोध आणि दुसरे प्रभाकर माचवे. माचवे पुढे दिल्लीत साहित्य अकादमीत मोठ्या पदावर गेले. मुक्तिबोधांच्या वाट्याला मात्र वणवण आली.

१९३९ साली त्यांनी घरच्यांचा विरोध पत्करून शांताबाईंशी प्रेमविवाह केला. संसार वाढत गेला, मिळकत मात्र तोकडीच राहिली. उज्जैन, कलकत्ता, बनारस, जबलपूर, नागपूर अशी गावे बदलली. कधी शाळेत मास्तरकी, कधी मासिकात, कधी आकाशवाणीत नोकरी. नागपुरात असताना, पदरी मुले असताना, १९५४ साली ते एम. ए. झाले. १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली, तेव्हा कुठे घडी बसली. त्यातच १९६२ साली त्यांनी लिहिलेल्या भारताच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. पुस्तकाचे पैसे हाती येतील, ही आशाही मावळली. हा घाव त्यांना फार लागला.

या सगळ्या धावपळीत कविता चालूच होती. पण ती लांबलचक, पानेच्या पाने चालणारी. मासिकांना तेवढी जागा नसे. शिवाय मुक्तिबोधांचे समाधान होत नसे. लिहिलेली कविता ते पुनःपुन्हा लिहीत. गद्याचे पुस्तक निघाले, कवितेचे राहून गेले.

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. आधी भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात उपचार झाले. प्रकृती खालावत गेली, तेव्हा लेखक मित्रांनी थेट पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्यापर्यंत विनंती नेली आणि मुक्तिबोधांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलवण्यात आले. मेंदूच्या आवरणाला क्षयाची बाधा झाली होती. एकीकडे मित्र त्यांच्या कवितांची जुळवाजुळव करत होते, तर दुसरीकडे कवी बेशुद्धीत होता. ११ सप्टेंबर १९६४ रोजी वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी भारतीय ज्ञानपीठाने काढला. तो त्यांना पाहायला मिळाला नाही. ‘अँधेरे में’ ही त्यांची सर्वांत गाजलेली दीर्घ कविताही मासिकात छापून आली ती मृत्यूनंतरच.

त्यानंतर कीर्ती जणू धावत आली. १९८० साली सहा खंडांत त्यांचे समग्र लेखन निघाले. त्याच वर्षी मणि कौल यांनी त्यांच्या लेखनावर चित्रपट काढला. राजनांदगावात स्मारक झाले. हिंदी घेऊन एम. ए. करणाऱ्याला आज मुक्तिबोध वाचल्यावाचून पुढे जाता येत नाही. धाकट्या शरच्चंद्रांना १९७९ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो मराठीतील त्यांच्या समीक्षाग्रंथासाठी. थोरल्या भावाने अखेरचा श्वास घेतला, त्याच दिल्लीतली ही संस्था. कौतुकाच्या वेळी धाकटा हयात होता, एवढाच काय तो फरक!

मुक्तिबोधांचे मित्र आजारपणात धावून आले, हे खरेच. पण तीच माणसे चार-पाच वर्षे आधी त्यांच्या वह्या घेऊन प्रकाशकाकडे गेली असती, तर शांताबाईंच्या घरात ते पुस्तक कवीच्या हाताने उघडले गेले असते. आपल्याही घरात, शेजारीपाजारी कुणी लिहिणारे असेल, तर त्याची वही आजच मागून घ्यावी. जमले तर छापखान्याची वाटही त्याच्याबरोबर चालावी.