विश्लेषण : समोर प्रतिस्पर्धीच नाही, मग पदक कशाचं? रूपा बायोरच्या निमित्तानं समजून घेऊ ‘पूमसे’

तायक्वांदो म्हटलं की हेल्मेट, छातीवर संरक्षक कवच आणि हवेत उडणाऱ्या लाथा डोळ्यांपुढे येतात. पण मे २०२४ मध्ये व्हिएतनामच्या दानांग शहरात रूपा बायोरनं कांस्यपदक जिंकलं, तेव्हा तिनं कोणालाही एकही लाथ मारली नव्हती. आशियाई पूमसे अजिंक्यपद स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. मूळची अरुणाचल प्रदेशातली रूपा मुंबईत प्रशिक्षक अभिषेक दुबे यांच्याकडे घडली. तिचं यश मोठं आहे, तरी तिचं नाव फारसं कानावर पडत नाही. असं का, हे समजण्यासाठी आधी तिचा खेळ समजून घ्यावा लागेल.

पूमसे म्हणजे नेमकं काय?

तायक्वांदोचे दोन मुख्य प्रकार आहेत. दोन खेळाडूंची लढत म्हणजे क्योरुगी. पूमसेमध्ये खेळाडू एकटाच असतो. समोर प्रतिस्पर्धी आहे अशी कल्पना करून त्यानं बचाव, ठोसे आणि लाथा यांचा ठरलेला क्रम सादर करायचा असतो. कराटेमधल्या ‘काता’चा हा जवळचा नातेवाईक.

तुमच्या घरातलं मूल तायक्वांदोच्या क्लासला जात असेल, तर पूमसे तुम्ही पाहिलेलं आहे. पट्ट्याचा रंग बदलण्याच्या परीक्षेत मुलं जे ‘तेगुक’ करून दाखवतात, तेच हे. काळ्या पट्ट्यापर्यंत असे आठ तेगुक शिकावे लागतात. वरच्या पातळीवर त्यात कोर्यो, कुमगांग, तेबेक असे अवघड क्रम येतात. कोणते क्रम करायचे, हे सोडत काढून ठरतं. त्यामुळे एखाद-दुसरा घोटून जाणं पुरत नाही, सगळेच तयार ठेवावे लागतात.

मग गुण कसे देतात?

एकूण गुण १०. त्यातले ४ अचूकतेचे आणि ६ सादरीकरणाचे. पाऊल किंचित चुकीच्या कोनात पडलं, हात थोडा खाली राहिला, तर ०.१ गुण जातो. हालचालच चुकली किंवा ठरलेल्या जागी ‘किहाप’, म्हणजे आरोळी, द्यायची राहिली तर ०.३. सादरीकरणात वेग आणि ताकद, लय आणि ऊर्जेची अभिव्यक्ती या तीन गोष्टींना प्रत्येकी २ गुण असतात. पाच किंवा सात पंच गुण देतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात.

फरक किती बारीक असतो, हे २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत दिसलं. तिथे पूमसेचा पहिल्यांदाच समावेश झाला होता. इंडोनेशियाच्या डेफिया रोस्मानियारनं अंतिम फेरीत इराणच्या मर्जान सलाहशौरीला ८.६९० विरुद्ध ८.४७० असं हरवलं. यजमान देशाचं त्या स्पर्धेतलं ते पहिलं सुवर्ण. दोघींमधलं अंतर होतं ०.२२ गुणांचं, म्हणजे दोन-तीन छोट्या चुकांइतकं.

ऑलिंपिकचं काय?

खरी अडचण इथे आहे. तायक्वांदो २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून अधिकृत खेळ आहे, पण तिथे फक्त क्योरुगी होते. पूमसेची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००६ मध्ये सोलमध्ये सुरू झाली. आशियाई क्रीडा स्पर्धेचं दारही उघडलं. ऑलिंपिकचं मात्र अजून बंद आहे.

कराटेचा अनुभवही फार आशादायक नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये काताला जागा मिळाली. जपानचा र्‍यो कियुना आणि स्पेनची सांद्रा सांचेझ सुवर्णपदक विजेते ठरले. पण पॅरिसमध्ये संपूर्ण कराटेच वगळण्यात आलं.

याचा थेट परिणाम पैशांवर होतो. आपल्याकडे ‘टॉप्स’सारख्या योजनेच्या नावातच ‘ऑलिंपिक पोडियम’ आहे. प्रायोजक, बातम्या, बक्षिसं यांचं गणितही बहुतेक वेळा ऑलिंपिकभोवती फिरतं. त्यात क्रमवारीचे गुण परदेशातल्या मानांकित स्पर्धांमधून मिळतात. म्हणजे वर जायचं तर सतत विमानाची तिकिटं काढायची, आणि शेवटी खेळाचं सर्वांत मोठं व्यासपीठ मिळणारच नाही, हेही माहीत असायचं.

पंचांवर विश्वास का महत्त्वाचा?

क्योरुगीत २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून कवचातले सेन्सर फटका लागला की नाही ते सांगतात. पूमसेमध्ये सगळी भिस्त पंचांच्या नजरेवर. ‘लय’ला १.६ द्यायचे की १.८, हे कोणतंही यंत्र सांगत नाही.

म्हणूनच २०२५ च्या उत्तराखंड राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतली घटना काळजी वाढवणारी होती. तायक्वांदोच्या १६ पैकी १० वजनगटांचे निकाल आधीच ठरल्याच्या तक्रारींनंतर, सामने सुरू होण्यापूर्वी स्पर्धा संचालकांना हटवण्यात आलं. आरोप लढतींबद्दल होते. पण सेन्सर असलेल्या प्रकारात संशयाला जागा उरत असेल, तर पूर्णपणे पंचांवर अवलंबून असलेल्या पूमसेच्या खेळाडूला घरच्या निवड चाचणीत अधिक भक्कम हमी लागते. पंच कसे निवडले, प्रत्येकानं किती गुण दिले, सादरीकरणाचा व्हिडिओ कुठे आहे, हे खेळाडूला पाहता आलं पाहिजे.

तरीही यात भविष्य आहे का?

आहे. पूमसेची कारकीर्द लांब चालू शकते. ३० वर्षांखालील, ४० खालील, ५० खालील असे गट थेट ६५ च्या पुढेही जातात. लढतीतल्या मारामुळे होणाऱ्या दुखापतीही इथे नसतात. शिवाय शिकायला महागडी साधनं लागत नाहीत. गल्लोगल्लीच्या क्लासमध्ये हजारो मुलं आधीच तेगुक गिरवत आहेत, फक्त त्यातल्या बहुतेकांना हा स्पर्धेचा स्वतंत्र मार्ग आहे हे कोणी सांगत नाही.

रूपाच्या पदकानं भारतीय खेळाडूही आशियातल्या पंचांपुढे टिकू शकते, हे दाखवून दिलं. आता ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळासाठी प्रवासखर्च, तयार प्रशिक्षक आणि प्रशिक्षित पंच यांची सोय कोण करणार, हे क्रीडा खातं आणि महासंघांनी ठरवायचं आहे. ती झाली नाही, तर पुढच्या पदकासाठीही एखाद्या मुलीला देशाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला येऊन, बऱ्याच अंशी स्वतःच्या जिद्दीवर तयार व्हावं लागेल.