तुला यात किती सुटतात?

पुणे-सातारा रस्ता सोडून वेल्ह्याकडे जिथं वळावं लागतं, त्या चेलाडी फाट्यावर एका तरुणाचं छोटंसं दुकान आहे. पाटीवर वरून खाली लिहिलं आहे, झेरॉक्स, पॅन कार्ड, सातबारा, रेल्वे, विमान, चारधाम. आणि अगदी तळाशी, अलीकडेच रंगवलेला शब्द, क्रूझ. आम्हा भोर-वेल्ह्याच्या माणसांना मोठं पाणी माहीत ते भाटघरचं, नाहीतर पानशेतचं. समुद्र बघायचा तर वरंधा घाट उतरून महाडच्याही पलीकडे जायला हवं. त्यामुळे ती पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. परवा मात्र मीच तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गिऱ्हाईक म्हणून बसलो होतो.

कारण घरचं होतं. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. काय हवं म्हणून विचारलं, तर सौभाग्यवतींनी दागिना नाही मागितला, साडी नाही मागितली. म्हणाल्या, "तुम्ही एकटे बोटीतून फिरून आलात. आता मला न्या." त्या 'एकटे' या शब्दाकडे मी पुढे येईनच. यायलाच हवं.

दुकानाचा मालक माझ्या जुन्या खातेदाराचा मुलगा. मी बँकेत सदतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी याच भागात. त्यानं चहा मागवला, संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि दोन सहली दाखवल्या. एक मुंबईहून गोव्याला जाऊन येणारी, दुसरी सिंगापूरहून निघणारी. त्याचा कल उघडच सिंगापूरकडे होता. "साहेब, चाळीस वर्षं झाली लग्नाला. गोव्याला काय जाताय? गोव्याला एसटीनंसुद्धा जाता येतं." बोलणं बिनतोड होतं. मीही जवळजवळ 'हो' म्हणणार होतो. पण हिशेब तपासायची जुनी खोड जात नाही. मी विचारलं, "यात तुला किती सुटतात?"

तो गप्प झाला. आपल्याकडे रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या अनोळखी माणसाला पगार विचारायला कुणी लाजत नाही. पण जो आपल्याला काही विकतो आहे त्याला 'तुझे किती?' असं विचारायला जीभ अडखळते. जणू आपण त्याच्या ताटात डोकावतो आहोत. वास्तविक ते ताट आपल्याच पैशातून वाढलेलं असतं.

थोड्या वेळानं त्यानं खणातून वही काढली आणि मला सगळं समजावून सांगितलं. हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा तपशिलानं लिहितो.

बोटकंपनी एजंटाला पगार देत नाही. खोली विकली गेली तर त्यावर टक्केवारी देते. या धंद्यात जगभर साधारण दहा टक्क्यांपासून सुरुवात होते आणि भरपूर खोल्या खपवणाऱ्या मोठ्या एजन्सीला पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंतही मिळतात. पण ही टक्केवारी पूर्ण बिलावर नसते. बिलात बंदराचे आकार असतात, सरकारी कर असतो, बोटीवरच्या नोकरांची बक्षिशीसुद्धा दर माणशी दर दिवसाच्या हिशेबानं लावलेली असते. यांवर एजंटाला साधारणपणे काही मिळत नाही. मिळतं ते मूळ भाड्यावर. समजा, दोघांचं बिल ८० हजार झालं आणि त्यात मूळ भाडं ५५ हजार असलं, तर दहा टक्क्यांनी कमिशन होतं साडेपाच हजार. फाट्यावरच्या दुकानदाराला तेही सगळं मिळत नाही. त्याचा थेट बोटकंपनीशी संबंध नाही. तो पुण्यातल्या एका एजन्सीचा हात, आणि एजन्सी आपला वाटा आधी काढून घेते. त्याच्या हाती पडतात साडेतीन हजार. शिवाय सहल रद्द झाली, तर बहुतेक वेळा तेही गेले.

बोटकंपनीला हे परवडतं, याचं कारण सरळ आहे. बोट धक्क्यावरून सुटली की रिकामी राहिलेली खोली म्हणजे नासलेलं दूध. उद्या विकता येत नाही. म्हणून गावोगाव पगारी माणसं ठेवण्यापेक्षा, विकेल त्याला वाटा, हा सौदा तिला बरा. शिवाय माणूस एकदा बोटीवर चढला की दारू, जुगार, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली यांत तो खर्च करणार, ते निराळंच. आणि बहुतेक कंपन्या थेट घ्या की एजंटाकडून घ्या, भाडं तेच ठेवतात. एजंटाचं आवडतं वाक्य, 'तुम्हाला काही जास्त पडत नाही', हे खोटं नाही ते यामुळे.

खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. वहीच्या पुढच्या पानावर सिंगापूरच्या सहलीचा हिशेब होता. विमान, व्हिसा, हॉटेल, बोट असं सगळं मिळून त्याला अकरा हजार सुटणार होते. शिवाय हंगामात अशा दहा खोल्या खपवल्या, तर एजन्सीतर्फे त्याची स्वतःची एक सहल फुकट. मला जास्त पडत नव्हतं हे खरंच. मला गोव्याऐवजी सिंगापूर पडत होतं, एवढंच!

यात त्या पोराला मी दोष देणार नाही. त्याच्या बाजूनंही थोडं ऐका. लोक त्याच्याकडे दोन-दोन तास बसतात, माहिती काढतात, त्याचा चहा पितात आणि रात्री मोबाईलवर पुण्याच्या दुसऱ्या एजंटाकडे बुकिंग करतात. कारण तो आपल्या कमिशनातले हजार रुपये गिऱ्हाइकाला सोडतो. २०२० च्या मार्चमध्ये जगभरच्या सहलबोटी बंद झाल्या, आपल्याकडे चारधामही अडलं, तेव्हा लोकांचे अडकलेले पैसे परत मिळवून देण्यासाठी त्यानं कित्येक महिने फोन केले. एका पैशाची मिळकत न होता. पासपोर्टावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या म्हातारा-म्हातारीची कागदपत्रं हाच नीट करून देतो. मोबाईलवरचं स्वस्त बुकिंग हे करत नाही. तेव्हा दलाली हे पाप आहे, असं मला म्हणायचं नाही. दलालाशिवाय आपल्या तालुक्यात काय होतं? सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाला टोपी-उपरणं मिळतं. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून बैलाचा भाव ठरवणाऱ्याला त्याचं मिळतं. आणि तोरण्या-राजगडाच्या पायथ्याला पुणेकरांची फार्महाऊस उठायला लागल्यापासून जमिनीच्या व्यवहारात दोन्हीकडून दोन-दोन टक्के घेणारे किती झाले, ते मोजायला दुसरा तलाठी लागेल.

माझा मुद्दा वेगळा आहे, आणि तो मला शेतकऱ्याच्या पट्टीवरून सुचला.

आमच्याकडचा शेतकरी भाजीपाला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नेतो. तिथला अडत्या त्याचा माल विकून देतो आणि हातात एक कागद देतो, त्याला पट्टी म्हणतात. पट्टीवर मालाचं वजन, भाव, एकूण रक्कम आणि मग वजावट. हमाली इतकी, तोलाई इतकी, अडत इतकी. अडत्यानं शेतकऱ्याला कमी नाडलेलं नाही, त्याच्या कथा मला माहीत आहेत. पण त्याची अडत त्या कागदावर लिहिलेली असायची. दुसरी इयत्ता शिकलेला माणूस ती पट्टी दिव्याखाली धरून वाचायचा आणि अडत्याला चार शिव्या हासडायचा. कुणाला द्यायच्या आणि किती रुपयांच्या, हे त्याला ठाऊक असायचं. पुढे २०१६ च्या जुलैत राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असं ठरवलं. निर्णय चांगलाच होता. फक्त खरेदीदार ती अडत मनात धरूनच भाव बोलणार, हे ओळखायला अर्थशास्त्र लागत नाही. अडत पट्टीवरून गेली. खिशातून पूर्ण गेली का, हा प्रश्न वेगळा.

विमानाच्या तिकिटांचं याच्या उलट झालं. एकेकाळी विमानकंपन्या एजंटाला नऊ टक्क्यांपर्यंत देत. ते कमी होत गेलं आणि २००८ च्या अखेरीस आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांनी ते शून्यावर आणायचं ठरवलं. मग एजंटांनी बिलावर स्वतःचा आकार उघड लावायला सुरुवात केली. लोक चिडले. 'हे तीनशे रुपये कसले?' म्हणून भांडू लागले. त्याआधी कितीतरी पट रक्कम न दिसता जात होती, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आता त्या 'एकटे'बद्दल.

२००८ चा मार्चअखेर. ज्यांच्या घरात बँकेत काम करणारं कुणी आहे, त्यांना मार्चअखेर म्हणजे काय ते सांगायला नको. तोवर बँका विमा विकू लागल्या होत्या आणि शाखेशाखेला उद्दिष्टं आली होती. त्याच सुमारास या मुलाच्या वडिलांनी, त्यांना सगळे आबा म्हणत, जमिनीचा एक तुकडा विकून आलेले पैसे माझ्या शाखेत ठेवले होते. मुदत ठेव करायला आले होते. मी त्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा दिला आणि त्यातल्या दोन लाखांची शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी त्यांच्या गळ्यात मारली. "आबा, ठेवीपेक्षा चांगलं आहे." दोन लाखांचा तो हप्ता दरवर्षी भरायचा आहे, हे मी सांगितलं नाही, असं नाही. सांगितलं, पण घाईनं आणि फॉर्मची पानं उलटताना. पहिल्या वर्षाच्या हप्त्यातून मोठा वाटा खर्चापोटी कापला जातो, हे मात्र सांगितलंच नाही. आबांनी विचारलंही नाही. अंगठा द्यायची वेळ त्यांच्या पिढीनं मागे टाकली होती. सही केली, नमस्कार केला आणि गेले.

दुसरा हप्ता भरायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. पॉलिसी बंद पडली. तीन वर्षांची मुदत संपल्यावर सगळी कापाकापी होऊन त्यांच्या हातात एक लाख वीस हजारांच्या आसपास पडले. तोवर माझी बदली झाली होती.

कमिशन माझ्या खिशात आलं नव्हतं. ते बँकेला मिळालं. पण उद्दिष्ट पूर्ण केलेल्या शाखाधिकाऱ्यांना विमा कंपनीनं बक्षीस म्हणून सिंगापूरला नेलं आणि तिथून तीन दिवस बोटीवर. एकेकट्याला, बायकामुलं नाहीत. डेकवर खुर्ची टाकून मी संध्याकाळचा समुद्र पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा. सुंदर होता, हे कबूल केलंच पाहिजे. घरी आल्यावर मी फोटो दाखवले आणि 'कंपनीनं नेलं' असं सांगितलं. आज हिशेब मांडतो तेव्हा त्या तिकिटाच्या पैशाचा माग लागतो. तो आबांच्या त्या दोन लाखांपाशी आणि त्यांच्यासारख्या आणखी काही जणांच्या हप्त्यांपाशी जातो.

परवा वही मिटताना तो मुलगा म्हणाला, "साहेब, तुम्ही मला विचारलंत ते बरं केलंत. आमच्या आबांनी तुम्हाला कधीच काही विचारलं नाही." आवाजात राग नव्हता. तो कपातला उरलेला चहा बाहेर फेकायला उठला आणि मी पाटीवरच्या अक्षरांकडे बघत बसलो.

माझी मागणी साधी आहे. म्युच्युअल फंडाचं उदाहरण घ्या. गुंतवणूकदाराला दर सहा महिन्यांनी जे एकत्रित विवरणपत्र येतं, त्यात त्याच्या गुंतवणुकीवर वितरकाला किती रुपये मिळाले, ते २०१६ पासून छापावं लागतं. टक्क्यांत नाही, रुपयांत. त्यामुळे म्युच्युअल फंडाचा धंदा बुडाला नाही. मग सहलीच्या बिलावर, विम्याच्या पहिल्या पावतीवर, फ्लॅटच्या बुकिंगच्या कागदावर एक ओळ का असू नये? 'या व्यवहारात आम्हाला मिळणारी रक्कम : इतके रुपये.' काही जण म्हणतील, गिऱ्हाईक लगेच तेवढी सूट मागेल. मागू दे. विम्यात तर कमिशनातला वाटा ग्राहकाला देण्यावर १९३८ च्या कायद्यातच बंदी आहे. तरीही पहिला हप्ता स्वतःच्या खिशातून भरणारे एजंट प्रत्येक गावात होते आणि आहेत. म्हणजे झाकून ठेवल्यानं घासाघीस थांबत नाही. ती फक्त ओळखीच्या आणि हुशार माणसापुरती राहते, आणि भिडस्त माणूस पूर्ण रक्कम भरतो.

सरकार असा नियम करील तेव्हा करो. तोवर आपल्याला तोंड आहे. आपण विचारावं. सरळ, हसत, चहा पिता पिता. जो खरा काम करणारा आहे तो सांगेल, आणि सांगितल्यावर त्याचे पैसे त्याला देताना आपल्यालाही जड जाणार नाही.

आम्ही गोव्याचंच बुकिंग केलं. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणत होता की, बाबा, दुसरीकडे हजारभर कमी पडतील. मी फाट्यावरच केलं. त्या पोरानं छापील पावतीच्या खाली पेनानं लिहून दिलं, 'माझे रु. ३,५००', आणि सही केली. घरी आल्यावर ती पावती सौभाग्यवतींना दाखवली आणि सिंगापूरच्या त्या बोटीची सगळी हकिगत पहिल्यांदाच सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आबा आहेत का अजून?"

आहेत. ऐंशी ओलांडली आहे, वेल्ह्याच्याही पुढं आतल्या गावात राहतात आणि ऐकू कमी येतं, असं मुलगा सांगत होता. बोट डिसेंबरात आहे. त्याआधी एकदा तिकडे जाऊन यायचं आम्ही ठरवलं आहे. जाऊन नेमकं काय बोलायचं, आणि तेही मोठ्यानं ओरडून, ते अजून मला सुचलेलं नाही.