संशोधनविषयाची फोड

बंगळूरच्या कृषि विद्यापीठात नव्याने आलेल्या एखाद्या विद्यार्थ्यास त्याचा विषय विचारावा, तर पुष्कळदा ‘नाचणी’ एवढेच उत्तर मिळते. परंतु नाचणी हा विषय नव्हे, ते पिकाचे नाव होय. ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत तो शब्द घातला की हजारो लेखांची रास समोर पडते, आणि त्यातील पहिले दहा-वीस वाचून शोध संपला असे मानले जाते. हा आळस नव्हे. ही अशिक्षितता आहे, आणि तिचा दोष विद्यार्थ्याकडे फारसा जात नाही.

याच शहरात डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९६२ साली भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाने प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले. कोणत्याही विषयाची व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल व काल या पाच अंगांनी फोड करता येते, ही त्यांची शिकवण. ती ग्रंथांच्या वर्गीकरणासाठी जन्मली खरी. पण शोधकाच्या हाती ती अधिकच उपयोगी पडते. नाचणीवरील करपा, त्यास दाद न देणारे वाण, कर्नाटकातील कोरडवाहू शेत, गेली साठ वर्षे : इतके सांगता आले म्हणजे विषय हाती आला.

खरी मेहनत यापुढे आहे. एकाच पिकाला कोकणात नाचणी, नाशिककडे नागली, कानडीत रागी, उत्तरेत मंडुआ, इंग्रजीत फिंगर मिलेट आणि शास्त्रीय परिभाषेत एल्युसिने कोराकाना म्हणतात. करप्याच्या बुरशीचे नाव काही लेखांत पायरिक्युलॅरिया, तर काहींत मॅग्नापोर्थे असे आढळते. १ नोव्हेंबर १९७३ पूर्वी कर्नाटक राज्याचे नाव म्हैसूर होते. म्हणून जो केवळ ‘कर्नाटक’ शोधील त्याला त्याआधीचे कितीतरी लेख दिसणारच नाहीत. भरड धान्यांनाही २०१८ साली केंद्र सरकारने ‘पोषक धान्ये’ हे नवे नाव दिले. एका अंगाचे पर्याय ‘किंवा’ने जोडावे, निरनिराळी अंगे ‘आणि’ने. ‘वगळा’ ही आज्ञा मात्र जपून वापरावी. भाताच्या करप्याची गर्दी टाळण्यासाठी ‘भात’ वगळणाऱ्याच्या हातून भात व नाचणी या दोहोंवर एकत्र लिहिलेला, कदाचित सर्वांत मोलाचा, लेख निसटतो.

न सापडलेल्या लेखाची किंमत कागदात मोजता येत नाही. पूर्वी कोणी तपासून टाकून दिलेले वाण अज्ञानाने पुन्हा पेरले, तर प्रयोगाचा एक संपूर्ण पावसाळा वाया जातो, आणि उत्तराची वाट पाहणारा शेतकरी आणखी एक वर्ष करपलेली कणसे कापतो. विद्यापीठांनी प्रबंधाच्या आराखड्याबरोबर शोधशब्दांची तारीखवार वही मागवावी : कोणता शब्द कोणत्या सूचीत घातला, किती लेख आले, कोणता शब्द वाचनातून नव्याने सापडला. आज संदर्भांची यादी मागतात. ती कशी जमली हे कोणी विचारीत नाही.