शब्दांच्या कुळकथा : ‘ओर्या’

वर्गांत ‘आर्य’ शब्द आला कीं आम्ही मुलांस ‘श्रेष्ठ, कुलीन, पूज्य’ असे अर्थ सांगत असूं, आणि संस्कृत नाटकांतील नायिका पतीस ‘आर्यपुत्र’ म्हणते तें उदाहरण देत असूं. पुढें फिन्लंडच्या भाषेंतील ‘ओर्या’ हा शब्द वाचनांत आला. अर्थ ‘गुलाम’, आणि भाषापंडित म्हणतात, हा ‘आर्य’ शब्दाचाच वंशज! वाचकांस रुचणार नाहीं. आम्हांसही प्रथम रुचलें नव्हतें.

फिनिश ही संस्कृताच्या गोतांतली भाषा नव्हे. ती युरलिक कुळांतली; एस्टोनियन तिची सख्खी बहीण, हंगेरियन दूरची. तेव्हां हा शब्द वारशानें नव्हे, उसनवारीनें गेला. सुमारें ४००० वर्षांपूर्वीं व्होल्गा नदी व उरल पर्वत यांच्या आसपास दोन्हीं भाषांचे पूर्वज शेजारीं नांदत होते, असें मानतात. ‘आर्य’चा ‘ओर्या’ कसा झाला, ही शंका व्याकरण घोकलेल्या मनास येणारच. पण ही एकट्या शब्दाची लहर नाहीं. संस्कृत ‘अर्भ’, म्हणजे आपलें अर्भक, तिकडे ‘ओर्पो’ म्हणजे पोरकें मूल झालें. चर्मकाराची ‘आरा’ (आपली आरी) ‘ओरा’ झाली. ‘शत’चें ‘सता’ होतांना मात्र ‘अ’ जागच्या जागीं राहिला. सगळे शब्द एकाच काळीं गेले नाहींत, हें उघड आहे.

आतां अर्थाचें. हेलसिंकीचे संस्कृतज्ञ आस्को पार्पोला यांच्यासारखे विद्वान् सांगतात कीं, लढाईंत धरलेल्या आर्यांस त्यांच्या जातिनामानेंच पुकारीत आणि तें नांवच पुढें गुलामास रूढ झालें. त्या काळचा लेख कांहीं नाहीं, हें अनुमानच. परंतु त्यास जोड आहे. इंग्रजी ‘स्लेव्ह’ हा शब्द स्लाव लोकांच्या नांवावरून आला, कारण मध्ययुगांत ते फार विकले जात.

आणि दूर कशास जावें? ऋग्वेदांत ‘दास’ हें आर्यांच्या शत्रूंचें नांव. पुढें त्याचाच अर्थ सेवक झाला. हें स्थित्यंतर आम्हीं किती वर्षें फळ्यावर लिहिलें, पण तीं माणसें कोणाच्या घरचीं होतीं हा प्रश्न आम्हांस कधीं पडला नाहीं. तो पडला फिनिश कोशानें आमचें नांव त्या जागीं दाखविलें तेव्हां.

इंद्राचें ‘वज्र’ त्याच लोकांत ‘वसरा’ म्हणजे साधा हातोडा होऊन बसलें, ती हकीगत पुढील अंकीं.